कंदमुळें व खानदेशची थंडी

खानदेशचा उन्हाळा सर्वांच्या तोंडीं आहे. भुसावळ-जळगांवचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांपलीकडे गेला म्हणजे तें साऱ्या महाराष्ट्रास कळतें. परंतु याच मुलखांत हिवाळाहि तसाच कडक पडतो, याची जाणीव बाहेरच्यांस तर नाहींच, पण पिकांची आंखणी करतांना आपणां स्वतःसहि ती पुरेशी राहत नाहीं. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळ्याची रांग, आणि मधून वाहणाऱ्या तापी, गिरणा, पांझरा अशा नद्या. या सखल पट्ट्यांत पौषांतील निवांत व निरभ्र रात्रीं थंड हवा उतारानें खालीं येऊन सांचून राहते. २०१८ च्या डिसेंबरअखेर व पुन्हां २०२४ च्या डिसेंबरांत धुळ्याचें किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्याहि खालीं उतरलें होतें. ज्या जमिनीनें ही थंडी सोसली तीच जमीन त्यानंतर पांच महिन्यांत तव्यासारखी तापते. इतका फरक एका वर्षांत सोसणारीं पिकें आपण निवडून घेतलीं आहेत, कीं तीं केवळ आपल्या पदरीं पडलीं आहेत, हा प्रश्न एकदां तरी प्रत्येक बागाईतदारानें स्वतःस विचारावा.

थंडीची लाट आली म्हणजे आपल्याकडे चर्चा होते ती केळीची; आणि तें साहजिकच आहे. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांचा संसार केळीवर चालतो. पारा दहा अंशांच्या आसपास उतरला कीं केळीचें नवें पान येणें थांबतें, निसवणारा घड गळ्यांत अडकतो, फळाची साल काळसर पडते. म्हणूनच हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत केळीसाठीं कमी तापमानाची अट घातलेली आहे. परंतु जीं पिकें जमिनीच्या पोटांत पोसतात, त्यांच्याविषयीं थंडीच्या दिवसांत फारसें कोणी बोलत नाहीं. पान हिरवें दिसलें म्हणजे खालीं सर्व ठीक आहे, असें आपण धरून चालतों. कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट, बटाटा, रताळें, आलें, हळद यांविषयीं हा लेख आहे. शास्त्राच्या दृष्टीनें कांदा हा पानांच्या फुगलेल्या बुडख्यांचा गड्डा, बटाटा व हळद हीं खोडाचींच रूपें, आणि खरीं मुळें म्हणावयाचीं तीं गाजर, मुळा, रताळें हीं होत. पण मळ्यांत व बाजारांत तीं सारीं कंदमुळेंच आहेत, आणि येथेंहि तसेंच म्हटलें आहे.

आमचें म्हणणें असें कीं, या सर्व पिकांस थंडींत सरसकट एकच उपाय करण्याची आपली रीत चुकीची आहे. थंडी एकच असली तरी ती सोसणाऱ्यांच्या जाती दोन आहेत. आणि खानदेशांत कंदमुळांचें जें नुकसान आपण थंडीच्या नांवावर मांडतों, त्यांतला पुष्कळसा भाग रोपाची तारीख चुकल्यानें किंवा काढणीनंतरच्या हयगयीनें झालेला असतो.

या दोन जाती ओळखण्याची खूण सोपी आहे. पिकाचें माहेर कोठें, तें पाहावें. कांदा मध्य आशियाच्या बाजूचा, तांबडें गाजर अफगाणिस्तानाकडचें, बीट युरोपच्या समुद्रकांठचें, बटाटा दक्षिण अमेरिकेंतील उंच डोंगरांचा. यांच्या पूर्वजांनीं थंडी पाहिलेली आहे. उलट रताळें अमेरिकेच्या उष्ण भागांतून आलें; आलें, हळद, अळू हीं उष्ण व दमट प्रदेशांतलीं; केळहि त्यांच्याच पंक्तीची. यांच्या कुळांत थंडीशीं झुंजण्याची विद्याच नाहीं.

ही विद्या म्हणजे काय, हें घरांतील एका उदाहरणावरून समजेल. हिवाळ्यांत खोबरेल तेल बाटलींत थिजून बसतें. पण त्याच फळीवर ठेवलेलें करडईचें किंवा जवसाचें तेल पातळच राहतें. दोन्ही तेलेंच, पण घटक निराळे. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोंवतीं असेंच एक अत्यंत पातळ स्निग्ध आवरण असतें, आणि पाणी व क्षार आंत-बाहेर जाण्याचा सर्व व्यवहार त्यांतून चालतो. उष्ण प्रदेशांतल्या पिकाचें हें आवरण दहा-बारा अंशांपाशीं खोबरेलाप्रमाणें ताठर होऊं लागतें. पेशींतला व्यवहार बिघडतो, आवरण झिरपूं लागतें, आंतले रस भलतीकडे मिसळून काळे पडतात. पाणी गोठण्याइतकी थंडी पडली नाहीं तरीहि हें घडतें, हें विशेष ध्यानांत ठेवावें. थंड प्रदेशांतलें पीक मात्र रात्री हळूहळू गार होऊं लागल्या कीं आपल्या आवरणांतील घटक बदलून तें जवसाच्या तेलासारखें लवचिक करून घेतें, आणि शिवाय पेशींत साखर सांठवितें. मिठाचें पाणी साध्या पाण्यापेक्षां उशिरां गोठतें; साखरेच्या पाण्याचेंहि तसेंच. या तयारीस कांहीं दिवस लागतात. म्हणून क्रमाक्रमानें वाढत गेलेली थंडी गाजरास मानवते, आणि उबदार, ढगाळ आठवड्यानंतर एकाएकीं कोसळलेली थंडी त्यालाहि जड जाते.

भोगीच्या भाजींत पडणारें गाजर कार्तिकांतल्या गाजराहून गोड लागतें याचें कारण यांतच आहे. रात्री गार असल्या म्हणजे झाडाचें श्वसन मंदावतें, दिवसा उन्हांत केलेली साखर रात्रीं कमी खर्च होते, आणि ती मुळांत उतरते. बटाट्यांतहि असाच बदल होतो, पण तो आपल्याला गैरसोयीचा ठरतो. शीतगृहांत चार-पांच अंशांवर ठेवलेल्या बटाट्यांतील पिठाची साखर होते. तो खाण्यास गुळचट लागतो आणि तळला असतां काळपट होतो. असा बटाटा दोन-तीन आठवडे साध्या हवेंत ठेवला असतां बरीचशी साखर पुन्हां पिठांत जाते. शीतगृहांतून आणलेलें बटाट्याचें बेणें गाडीवरून उतरवून थेट सरींत टाकूं नये, तें कांहीं दिवस सावलींत पसरून मगच लावावें.

आतां ज्या प्रकरणांत खानदेशाचा पैसा सर्वांत अधिक गुंतला आहे, त्या कांद्याकडे वळूं. साक्री-पिंपळनेराकडचा पट्टा काय, किंवा पूर्वेकडील गांवें काय, कांद्याला डेंगळे आले म्हणजे शेतकऱ्याचा पहिला संशय बियाण्याच्या दुकानदारावर जातो. कधीं कधीं तो खराहि असतो. खरिपाच्या वाणाचें बी रब्बीचें म्हणून गळ्यांत मारलें गेल्यास डेंगळे येणारच. एन-५३ सारखा खरिपाचा वाण रब्बींत लावून एन-२-४-१ सारखें पीक मिळेल अशी आशा कोणी धरूं नये. परंतु बी खात्रीचें असतांहि डेंगळे येतात, आणि तेथें दोष थंडीचा व तारखेचा मिळून असतो.

कांदा हें मुळांत दोन वर्षांचें झाड आहे. पहिल्या वर्षीं गड्डा, दुसऱ्या वर्षीं फूल, हा त्याचा क्रम. पहिलें वर्ष संपल्याची खूण त्यास थंडी देते. जर्मनींतील गस्नर या शास्त्रज्ञानें १९१८ सालीं हिवाळी धान्यांवर प्रयोग करून थंडी लागल्यावांचून कांहीं पिकें फुलावर येत नाहींत हें दाखवून दिलें. कांद्याचा, बिटाचा, विलायती गाजराचा स्वभावहि याच जातीचा. पण यांत एक मेख आहे. कांद्याचें रोप अगदीं कोंवळें असतां त्याला ही थंडी समजतच नाहीं. रोप एका ठराविक जाडीचें झालें, त्याला पुरेशीं पानें फुटलीं, म्हणजे त्यापुढें कांहीं आठवडे आठ ते तेरा अंशांच्या आसपासच्या रात्री त्यास लागल्या कीं, आंतला कोंब गड्डा पोसण्याचें सोडून फुलाचा दांडा बांधूं लागतो. बाहेरून तेव्हां कांहींच दिसत नाहीं. दांडा वर येतो तो पुढें थंडी ओसरल्यावर, आणि मग शेतकरी फेब्रुवारींतल्या खताला किंवा पाण्याला दोष देत बसतो. निर्णय डिसेंबरांतच झालेला असतो.

यावरून व्यवहाराची गोष्ट निघते ती ही. रब्बीचें बी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गादीवाफ्यावर टाकावें व सहा ते आठ आठवड्यांचें रोप लावावें, असें जें सांगतात तें केवळ सोयीसाठीं नाहीं. लवकर टाकलेलें, पाण्याअभावीं किंवा मजुरांअभावीं वाफ्यांतच दोन-अडीच महिने राहून पेन्सिलीएवढें जाड झालेलें रोप स्वस्त मिळतें म्हणून विकत घेणें, म्हणजे डेंगळे विकत घेणें होय. रांगड्या कांद्याची गोष्ट आणखी अवघड आहे. त्याचा गड्डा पोसण्याचा काळ आणि कडाक्याची थंडी हीं एकत्रच येतात. त्यामुळें डेंगळे व जोड कांदे त्यांत अधिक निघतात, आणि तेवढी घट हिशेबांत धरूनच रांगडा करावा. भाव चढे असतील तर तोहि परवडतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. डेंगळ्याचा कांदा मध्यें कठीण दांड्याचा असतो, चाळींत टिकत नाहीं, आणि व्यापारी तो बाजूस काढून भाव पाडतो. तेव्हां असा माल चाळींत भरण्याच्या मोहांत न पडतां आधीं विकून टाकणें श्रेयस्कर.

डेंगळ्यांबद्दल तक्रार करणाऱ्यानेंहि दोन गोष्टी जवळ ठेवाव्यात : बियाण्याची पावती व पिशवी, आणि बी टाकल्याची व लावणीची तारीख लिहिलेली वही. पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीं देखील केवळ शेतांतील डेंगळे मोजून अहवाल लिहूं नये. रोपाचें वय आणि त्या पंधरवड्यांतल्या रात्रींचें तापमान विचारल्यावांचून कोणाची चूक हें ठरतच नाहीं. वही नसली म्हणजे खरा फसलेला शेतकरीहि हात हालवीत परत येतो. ज्या थंडीनें एकाच्या शेतांत डेंगळे आणले, तीच थंडी शेजारच्या बांधापलीकडे दुसऱ्याचें भांडवल असते, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. जळगांव व लगतच्या बुलढाणा जिल्ह्यांत कांद्याचें बी धरणारे शेतकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरांत गड्डे लावतात ते याच थंडीच्या भरंवशावर. त्यांस हिवाळा मऊ गेला तर चिंता.

आतां दुसऱ्या जातीकडे येऊं. आपल्याकडे रताळ्यांचें क्षेत्र थोडें, नदीकांठच्या व मळ्यांच्या हलक्या जमिनींत विखुरलेलें. पण जो करतो त्याचा डोळा महाशिवरात्रीच्या बाजारावर असतो. पीक डिसेंबरांत तयार झालें तरी उपवासाच्या भावासाठीं तें जमिनींत राखून ठेवावयाचें, ही आपली चाल. या चालीस सरसकट वेडेपणा म्हणतां येणार नाहीं. हवा पांच अंशांवर आली असतां वीतभर खालीं मातीचें तापमान बरेंच अधिक असतें. माती हें रताळ्याचें पांघरूण आहे. हें पांघरूण फाटलें म्हणजे मात्र धोका. काळी जमीन सुकून भेगाळली कीं थंड हवा सरळ कंदाला जाऊन भिडते. वरंबा ढासळून कंदाचें डोकें उघडें पडलें तरी तेंच. म्हणून कंद राखावयाचे असतील त्यांनीं नोव्हेंबरअखेर भेगा बुजवून मातीची भर द्यावी व हलकी ओल ठेवावी. ओलसर माती दिवसाची ऊब धरून ठेवते, पण चिखल करूं नये. गार व तुंबलेल्या जमिनींत कंद कुजतो. वेल थंडीनें करपून काळे पडले तर कापून बाहेर काढावेत व कंद लवकर खणावेत. पानच नाहीं तर कंदाचें वजन वाढणार कशानें?

खरें नुकसान होतें तें खणल्यावर. दुपारीं रताळीं खणलीं, ढीग शेतांतच लावला, गाडी दुसऱ्या दिवशीं येणार म्हणून रात्रभर उघड्यावर ठेवला, हें दृश्य कोणास अपरिचित आहे? मातीच्या पांघरुणांतून निघालेला कंद त्याच रात्रीं सात-आठ अंशांच्या हवेंत पडतो. सकाळीं पाहावें तर माल टवटवीत. आठ-दहा दिवसांनीं मात्र साल खचते, आंत तपकिरी डाग उठतात, बुरशी धरते. आणि वरून चांगला दिसणारा कंदहि शिजवला असतां मध्यें कडकच राहतो. व्यापारी म्हणतो माल नासका, शेतकरी म्हणतो व्यापारी लबाड. थंडीची रात्र कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत रताळीं काढल्यावर तीं चार ते सात दिवस सुमारें ३० अंश उष्ण व दमट खोलींत ठेवतात, म्हणजे खणतांना झालेल्या जखमांवर नवी साल धरते. मग तीं १३ ते १६ अंशांवर महिनेच्या महिने टिकतात. आपणांस अशी खोली बांधण्याची गरज नाहीं. आपल्याकडे जानेवारींतली दुपार २८-३० अंशांची असतेच. कंद न धुतां छपराखालीं पसरावेत, संध्याकाळ होतांच ओलसर गोणपाट व त्यावर कडबा घालून झांकावेत, एवढें आठवडाभर केलें तरी पुरे. खर्च गोणपाटाचा.

आल्याचें व हळदीचें बेणें राखणाऱ्यांसहि हीच सूचना. हळदीचीं पानें पौष-माघांत वाळतात तो रोग नव्हे, तिच्या झोपेची वेळ होय. त्या वेळीं पाणी देऊन तिला जागी ठेवण्याचा खटाटोप करूं नये. परंतु काढलेलें बेणें उघड्या पडवींत न ठेवतां सावलींत, झांकून व कोरडें ठेवावें.

या जातीच्या पिकांत आणखी एक गोष्ट दिसते, व तिच्यामुळें शेतकरी हटकून फसतो. थंडीच्या रात्रीनंतर ऊन वर आलें कीं रताळ्याचे वेल किंवा अळूचीं पानें मान टाकतात. जमीन ओली असते, तरी झाड तहानलेलें दिसतें. कारण गार मातींत मुळांची पाणी ओढण्याची शक्ति घटते, आणि वर पान मात्र उन्हांत पाणी सोडीत असतें. अशा वेळीं सकाळींच शेततळ्याचें किंवा पाटाचें गार पाणी सोडलें म्हणजे मूळ आणखीच आंखडतें. पाणी द्यावयाचें तर विहिरीचें. आपल्या विहिरींचें पाणी जानेवारींतहि सुमारें २५ अंशांचें असतें; पहांटे त्यावर वाफ दिसते ती उगीच नाहीं. तें संध्याकाळीं थेट पंपावरून सोडावें, हौदांत रात्रभर ठेवून गार करूं नये. येथें कोणी म्हणेल कीं वीज आमच्या सोयीनें कोठें येते? हें खरें आहे. जेथें अद्याप रात्रपाळीची वीज आहे तेथें मध्यरात्रीं बारे देणाऱ्या माणसाला थंडी पिकापेक्षां अधिक बाधते, आणि पिकाच्या थंडीवर लेख लिहिणाऱ्यांनीं त्याच्याविषयींहि दोन शब्द लिहावेत हें उचित होय. दिवसा पुरवठा झाल्याशिवाय पाण्याच्या वेळेसंबंधींचा कोणताहि उपदेश अर्धवटच राहील.

शेकोट्या पेटवून शेतांत धूर करण्याची जी सार्वत्रिक शिफारस असते, तिच्याविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. केळीच्या बागेंत वारा अगदीं पडलेला असतां तिचा थोडा उपयोग होत असेल. कंदमुळांस मात्र ती लांकडांची व श्रमाची हानि आहे. त्याच माणसांनीं त्या दिवसांत वरंब्यांस भर दिली तर काम होईल.

आतां मोजमापाविषयीं. वर्तमानपत्रांत जें किमान तापमान येतें, व विम्यासाठीं महसूल मंडळाच्या यंत्रावर जें नोंदलें जातें, तें जमिनीपासून उंचावरच्या हवेचें असतें. वेधशाळेची रीत सुमारें सव्वा मीटर उंचीची. निवांत रात्रीं जमिनीलगतची हवा त्याहून तीन-चार अंशांनीं गार असूं शकते, आणि वीतभर खालची माती त्याहून पुष्कळ उबदार. म्हणजे पानाला लागलेली थंडी, यंत्रानें नोंदलेली थंडी आणि कंदाला लागलेली थंडी या तीन निराळ्या वस्तु आहेत. नाल्यालगतच्या सखल शेताचा व माळावरच्या शेताचा फरक निराळाच. मंडळांतील एका यंत्रावर दहा-पंधरा गांवांचा निकाल लावणें हें आमच्या मतें न्यायाचें नाहीं, आणि ही मागणी केळीवाल्यांबरोबर कांदेवाल्यांनींहि लावून धरली पाहिजे. परंतु सरकारचें यंत्र येईपर्यंत स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. किमान तापमान दाखविणारा एक साधा तापमापक व मातींत खोंवण्याचा दुसरा, एवढें साहित्य प्रत्येक गांवीं आपल्या संस्थेच्या एका सभासदाकडे असावें, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज सूर्योदयापूर्वीं नोंद व्हावी.

ज्या सभासदांची अशी नोंद ठेवण्याची तयारी असेल त्यांनीं कांद्याच्या शेताबद्दल पुढील गोष्टी तिच्यासोबत लिहून ठेवाव्यात : वाणाचें नांव, गादीवाफ्यावर बी टाकल्याचा दिवस, लावणीचा दिवस, लावतेवेळीं रोपाची जाडी, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यांत कोणत्याहि चार वाफ्यांतील एकूण झाडें व त्यांपैकीं डेंगळे आलेलीं झाडें. जमीन सखल कीं उंचावरची, हेंहि लिहावें. नोंद ठेवण्यास येत्या कार्तिकापासून प्रारंभ करावा, कारण रोपाचा निकाल त्याच महिन्यापासून लागूं लागतो.